आखातातली परसबाग : ऑक्टोबरच्या लागवडीपासून उन्हाळ्यातल्या भेंडीपर्यंत

दुबई, शारजा, अबू धाबीतल्या मराठी घरांत भाजी लावायची हौस बहुधा जूनच्या सुमाराला उचल खाते. गावाकडून पावसाच्या आणि पेरण्यांच्या बातम्या येतात, कुणीतरी बियांच्या पुड्या पाठवते, आणि बाल्कनीत कुंड्या मांडल्या जातात. नेमका हाच इथला सगळ्यांत वाईट मुहूर्त. जून ते ऑगस्ट दुपारचा पारा 40 च्या वर असतो, 45 ही नवलाचे नाही, आणि किनाऱ्यालगत रात्रीसुद्धा तो 30 च्या खाली उतरायला कुरकुरतो. अशा हवेत टोमॅटोचे रोप एखादवेळ जगेल, पण फळ धरणार नाही. दिवसाचे तापमान 35 च्या पुढे आणि रात्रीचे 24 च्या वर राहिले की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुले देठापासून गळतात. खत घाला, पाणी घाला, काही उपयोग नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की इथे बागेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि मेमध्ये संपते. नोव्हेंबर ते मार्च दिवसा साधारण 24 ते 30 अंश, रात्री 14 ते 21. पुण्यातल्या उत्तम हिवाळ्याची ही हवा चार-पाच महिने सलग मिळते. ऊन भरपूर, पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे बुरशीचे रोगही कमी. या काळात इथे कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा, टोमॅटो असा सगळा हिवाळी भाजीपाला घरी होतो. वाळवंटात काही उगवत नाही हा समज मुख्यतः चुकीच्या महिन्यात पेरल्यामुळे पक्का होतो.

वेळापत्रक आधी, खरेदी नंतर

अरब शेतकरी आणि मच्छीमार सुहैल ताऱ्याची वाट पाहतात. तो आपला अगस्तीचा तारा. 24 ऑगस्टच्या सुमाराला तो पहाटे दक्षिणेच्या क्षितिजावर दिसू लागला, की उन्हाळ्याची धग आता ओसरणार असे मानतात. लगेच गारवा येत नाही, पण तयारीला लागायची हीच वेळ.

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टोमॅटो, वांगी आणि मिरची यांचे बी घरातच, खिडकीपाशी ट्रेमध्ये टाका. टोमॅटो आठवडाभरात वर येतो, मिरची दहा ते पंधरा दिवस घेते. रोप चार-पाच पानांवर आले की दिवसातून थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवायचे आणि हा वेळ हळूहळू वाढवत न्यायचा. एसीच्या खोलीत वाढलेले रोप एकदम बाहेरच्या उन्हात नेले तर एका दुपारीत पाने पांढरी पडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कायमच्या जागी पुनर्लागण करा.

घेवडा, काकडी, मुळा हे ऑक्टोबरात थेट पेरा. कोथिंबीर, पालक, गाजर, बीट, वाटाणा यांना मात्र नोव्हेंबर उजाडू द्या. कोथिंबिरीचे बी 30 अंशांवर रुसते. ऑक्टोबरात पेरलेली उगवली तरी लगेच फुलावर जाते. कोबी आणि फ्लॉवरची रोपेही नोव्हेंबरातच लावा. मग जानेवारी संपत आला, भाजी ऐन भरात आहे, तेव्हाच पुढचा विचार करायचा : फेब्रुवारीत भेंडी, चवळी, गवार, दुधी, दोडका पेरले तर मे महिन्याच्या आत त्यांची मुळे खोल जातात. एप्रिलमध्ये पेरले तर रोप कोवळे आणि ऊन पिकलेले, असा विषम सामना होतो.

ऊन कुठून येते ते पाहा

दुबई साधारण 25 अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा बाल्कनीशी थेट संबंध आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 41 अंशांच्या आसपासच चढतो, तर जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी भाजीसाठी सगळ्यांत भाग्याची. हिवाळ्यात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते आणि जूनमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब आपोआप सावली धरतो. पूर्वेची बाल्कनीही उत्तम, सकाळचे चार-पाच तास ऊन पुरते. पश्चिमेकडे दुपारचे ऊन, तापलेली भिंत आणि काचेवरून परतणारी झळ असे तिन्ही एकदम येते. तिथे शेडनेटशिवाय मार्चनंतर काही ठेवू नका. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात थेट ऊन जवळजवळ शून्य, म्हणून तिथे फळभाजीचा नाद सोडावा. पुदिना आणि पालक कसेबसे येतात.

सुट्टीच्या एका दिवशी दर दोन तासांनी बाल्कनीचा फोटो काढा. कुठल्या फरशीवर किती वेळ ऊन पडते ते कळते. फळभाजीला सहा तास हवेत, पालेभाजीला चार चालतात.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. कठड्यावर कुंडी ठेवू नका, वाऱ्याच्या झोतात ती खालच्या माणसावर पडू शकते. आणि इमारतीचे नियम आधी विचारून घ्या. खालच्या बाल्कनीत पाणी ठिबकले म्हणून तक्रारी होतात. 20 लिटरची ओली कुंडी 25 किलोच्या आसपास भरते, तेव्हा दहा-बारा कुंड्या एका कोपऱ्यात रचण्यापेक्षा भिंतीलगत ओळीने मांडा.

माती : वाळूचा स्वभाव समजून घ्या

व्हिला असेल आणि अंगण असेल तर एक साधा प्रयोग करा. अंगणातली मूठभर कोरडी वाळू बशीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. बहुतेक ठिकाणी ती बारीक बुडबुडे सोडत फसफसते, कान जवळ नेला तर आवाजही येतो. हा वाळूतला चुना. किनाऱ्याकडच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा मोठ्या प्रमाणात असतो. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 8 च्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आणि मग लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. आपल्याकडे परसात चुलीची राख, चुन्याची निवळी, अंड्यांच्या टरफलांचा चुरा घालायची जी सवय आहे, ती इथल्या जमिनीवर चालवू नका. राखेने सामू आणखी चढतो. टरफले म्हणजे चुनाच, आणि तो जमिनीत आधीच पोतीच्या पोती आहे. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो तेव्हा लोक टरफले घालतात, पण इथे तो डाग बहुतेक वेळा पाणी कमीजास्त झाल्याने पडतो.

वाळूला लागते ते सेंद्रिय खत, आणि तेही दर वर्षी. उष्णतेत ते फार लवकर जळून जाते. सप्टेंबरमध्ये पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या खताचा थर पसरा आणि 25 ते 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत मिसळा. नर्सरीत 'स्वीट सॉइल' म्हणून जी माती मिळते ती मुद्दाम मागून घ्या. क्षार कमी असलेली, जरा गाळाच्या वळणाची माती असते, आणि वाळूत मिसळली की पाणी धरून ठेवते. अबू धाबीत मिना झायदच्या रोपबाजारात आणि दुबईत सतव्याच्या रोपांच्या दुकानांत ती मिळते.

शेणखत आणि लेंडीखत पोत्यांत मिळते, पण ते पूर्ण कुजलेले असेलच असे नाही. पोत्यातले थोडे खत बादलीत ओले करून झाकून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी आत हात घाला. गरम लागले, किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर ते कच्चे आहे. महिना-दीड महिना सावलीत ओलसर ठेवून कुजू द्या. कच्चे खत मुळे जाळते, आणि लेंडीखतात क्षारही बरेच असतात.

कुंडीसाठी मिश्रण वेगळे : चार भाग कोकोपीट, तीन भाग कुजलेले खत किंवा गांडूळखत, दोन भाग स्वीट सॉइल, एक भाग पर्लाइट. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा एकदा धुवा. नारळाच्या सालीत मीठ असते, न धुतलेल्या विटेत ते तसेच राहते. नुसती अंगणातली वाळू कुंडीत भरू नका, ती दगडासारखी बसते.

वाफा उंच की खोल

परदेशी व्हिडिओंत लाकडी पेटीतले उंच वाफे दिसतात आणि सगळ्यांना तेच हवे असते. आपला गादीवाफाही त्याच जातीचा. जिथे पाऊस पडून पाणी साचते तिथे तो योग्यच आहे. इथे साचायला पाणीच नाही. उंच वाफा चारी बाजूंनी तापतो आणि सुकतो. अंगण असेल तर जमिनीच्या पातळीपेक्षा हातभर नाही, पण वीतभर खाली असलेला सपाट वाफा करा. भोवती मातीचा बांध घाला. पाणी मुळाशी राहते, वारा वरून निघून जातो. अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये खजुराची आळी अशीच खोलगट असतात. अपवाद एकच : खाली कठीण थर असेल किंवा जमीन खारट असेल, पृष्ठभागावर पांढरी साय दिसत असेल, तर उंच वाफ्याला पर्याय नाही.

कुंड्यांबाबत सांगायचे तर रंग पांढरा किंवा फिकट घ्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूची मुळे शिजतात, झाड वरून ताजे दिसत असतानाच. काळ्या कुंड्याच असतील तर एका मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवा आणि मधल्या फटीत ओली वाळू भरा. मेथी-कोथिंबिरीला 15 सेंटिमीटर खोलीचा ट्रे पुरतो, मिरचीला 10 ते 12 लिटर, टोमॅटो-वांग्याला 20, दुधीला 40. यात कंजुषी करू नका. लहान कुंडी सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत कोरडी होते.

पाणी

या लेखातला हा भाग दोनदा वाचावा, कारण इथल्या बागा बहुतेक पाण्यामुळेच जातात, आणि त्यातल्याही पुष्कळ पाण्याच्या कमतरतेने नाही.

घरात नळाला येणारे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून केलेले असते. क्षार कमी, बागेला चांगले. व्हिलात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल तर ते खारट असण्याची शक्यता मोठी आहे. आधी टीडीएस मीटरने पाहा. क्षाराचा प्रश्न इथे इतका मोठा आहे, की दुबईत 1999 पासून इंटरनॅशनल सेंटर फॉर बायोसलाइन अॅग्रिकल्चर ही संस्था खाऱ्या पाण्यावर येणाऱ्या पिकांवरच काम करते आहे. घरी पाणी मऊ करणारे मीठ-यंत्र बसवलेले असेल तर त्याच्या पुढचे पाणी झाडांना घालू नका, त्यात सोडियम असते.

खरी अडचण पाण्याच्या तापमानाची. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे ते सप्टेंबर हाताला चटका बसेल इतके तापते, आणि ते संध्याकाळीही गारच होत नाही. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी तर त्याहून कडक. त्यामुळे झोपण्यापूर्वी बादल्या घरात भरून ठेवा आणि पहाटे, सूर्य वर यायच्या आत, तेच पाणी घाला. नळी वापरायची असेल तर हाताला गार लागेपर्यंत पहिले पाणी बादलीत जमा करा, ते फरशी पुसायला कामी येते.

किती घालायचे? 20 लिटर कुंडीतल्या मोठ्या टोमॅटोला जानेवारीत दिवसाला लिटर-दीड लिटर पुरते, तर मेमध्ये तीन-चार लिटरही लागते. पण आकड्यापेक्षा बोट खरे. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. आत गारवा आणि ओल लागली, माती बोटाला किंचित चिकटली, तर आज पाणी नको. दुपारी पाने मलूल दिसतात म्हणून लगेच पाणी घालणे ही सर्रास होणारी गोष्ट आहे. भेंडी, दुधी, काकडी दुपारी मान टाकतात आणि सूर्य कलला की उठून बसतात. सकाळी सातला मलूल असेल तरच ते तहानेचे लक्षण.

थोडे-थोडे पाणी रोज शिंपडणे वाईट. वरची दोन इंच माती ओली राहते, मुळे वरच घोटाळतात आणि तिथेच भाजतात. शिवाय पाणी उडून गेले की क्षार मागे उरतात. कुंडीच्या काठावर पांढरी साय धरली, पानांच्या कडा करपल्या, तर ते क्षार. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाइतके पाणी सावकाश ओतून खालून वाहून जाऊ द्या. आणि बशीत साठलेले ते पाणी लगेच काढा, नाहीतर तेच क्षार परत वर शोषले जातात, डासही होतात.

अंगणात ठिबक बसवा. टायमर, गाळणी, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, 16 मिलिमीटरची नळी आणि ताशी 2 लिटरचे ड्रिपर एवढ्यात छोटी बाग भागते. आधी खोलवर पाणी, मग एखाद-दोन दिवस विश्रांती, असे वेळापत्रक लावा. ज्यांना नळ्यांचे जंजाळ नको त्यांनी मडके पुरावे. भट्टीत भाजलेले, पण झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचे, पाण्याने भरायचे आणि झाकण ठेवायचे. भिंतीतून पाणी झिरपत राहते आणि भोवतीच्या मिरच्या, वांगी हवे तेवढे घेतात. भारताच्या कोरडवाहू भागात हे मटका सिंचन जुने आहे, आणि वाळूत ते फार छान चालते.

एसीचे पाणी हा इथला फुकटचा झरा. दमट ऑगस्टमध्ये एका एसीतून रोज बादलीभर पाणी निघू शकते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे क्षार धुऊन काढायला उत्तम. फक्त एसीची सफाई रसायनाने झाली असेल तर त्यानंतरचे दोन-तीन दिवसांचे पाणी टाकून द्या. त्या नळीच्या तोंडाशी, सावलीत, मोठ्या टबात वडीचे अळू लावा. सतत ओल, दमट हवा, थेट ऊन नाही. अळूला कोकणातल्या मोरीच्या मागे जे मिळते तेच इथे मिळते.

सावली आणि वारा

अल ऐनचे ओअॅसिस 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे गेलात तर फक्त फोटो काढून परतू नका. वर पाहा, मग खाली पाहा. सगळ्यांत वर खजुराची छत्री, तिच्या खाली लिंबू, डाळिंब, आंबा यांसारखी झाडे, आणि त्यांच्या सावलीत जमिनीवर चारा आणि भाजी, असे हे तीन मजले. पाणी फलजच्या, म्हणजे जुन्या पारंपरिक कालव्याच्या, पाटांतून पाळीपाळीने फिरते. बाहेरच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकताच हवा बदललेली अंगाला जाणवते. वाळवंटातल्या शेतीचे सगळे शहाणपण त्या एका फेरीत डोळ्यांना दिसते : आधी सावली उभी करायची, मग तिच्या आत भाजी.

घरी खजूर नसेल, पण शेडनेट आहे. 35 ते 50 टक्के सावली देणारी जाळी घ्या, त्याहून दाट घेतली तर झाडे लांबट आणि फिकी होतात. मार्चच्या मध्यापासून ती पश्चिमेला आणि वर बांधा, झाडाच्या शेंड्यापासून किमान हातभर अंतर ठेवून, म्हणजे खाली हवा खेळते. डिसेंबर-जानेवारीत ती काढून टाका. त्या दोन महिन्यांतले ऊन झाडांना पूर्ण मिळायला हवे.

जमिनीलाही सावली लागते. पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घाला : वाळलेले गवत, खजुराच्या झावळ्यांचे बारीक तुकडे, जनावरांच्या चाऱ्यासाठी मिळणारा रोड्स घास. खोडाला ते चिकटवू नका, चार बोटे जागा सोडा. आच्छादन असलेल्या आणि नसलेल्या वाफ्यात दुपारी दोन वाजता हात घालून पाहा, मग कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

शमाल म्हणजे वायव्येचा वारा. तो सुटला की बारीक धूळ पानांवर बसते आणि टोमॅटोच्या फांद्या मोडतात. वायव्येच्या बाजूला जाळीचा आडोसा करा, भिंतीसारखा बंद पत्रा नको, त्याच्यावरून वारा उसळून आत येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाने पाण्याने धुवा. धुळीच्या पानांवर लाल कोळी ही बारीक कीड फार लवकर वस्ती करते.

काय लावावे

पहिल्या हंगामात मेथी, मुळा, चेरी टोमॅटो, मिरची आणि वांगी एवढेच. फ्लॉवर दुसऱ्या वर्षी.

मेथीने सुरुवात करण्याला कारण आहे. स्वयंपाकघरातलेच दाणे चालतात, आणि तिला वाळू आवडते. मुंबईत बाजारात जी समुद्रमेथी मिळते, बोटभर उंचीच्या, मुळांसकट बांधलेल्या जुड्या, ती वाळूतच वाढवलेली असते. तीच इथे करा. ट्रेमध्ये धुतलेली बारीक वाळू आणि थोडे कोकोपीट घ्या, रात्रभर भिजवलेले दाणे दाट पसरा, वर सेंटिमीटरभर थर द्या, झारीने हलके पाणी. तीन-चार दिवसांत अंकुर, दोन आठवड्यांत समुद्रमेथी. मोठ्या पानांची हवी असेल तर विरळ पेरा आणि 25 ते 30 दिवस थांबा. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरत गेलात तर नोव्हेंबर ते मार्च घरात मेथी संपत नाही.

टोमॅटोत मोठ्या फळांच्या जातींपेक्षा चेरी टोमॅटो उष्णता जास्त सोसतो आणि एप्रिलपर्यंत फळ देत राहतो. बियांच्या पाकिटावर टीवायएलसीव्ही असे लिहिलेले, म्हणजे पाने गुंडाळणाऱ्या विषाणूला टिकणारे वाण असेल तर तेच घ्या. काकडीत परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण मागा. भारतातून बी आणायचे तर बियाण्यांच्या आयातीला क्वारंटाईनचे नियम आहेत, ते आधी पाहा. आणि खसखस सामानात चुकूनही ठेवू नका, अमिरातीत ती बेकायदा आहे.

उन्हाळ्यात टिकणारी मंडळी वेगळी : भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, अंबाडी, मायाळू, रताळ्याचा वेल, आणि अरबी घरांतली मुलूखिया ही पालेभाजी. माठ तर मे-जूनमध्येही दर तीन-चार आठवड्यांनी कापता येतो. शेवगा आणि कढीपत्ता यांना इथली हवा मानवते. शेवगा कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, नाहीतर तो गच्चीपर्यंत जाईल आणि पाने हाताला येणार नाहीत.

फुले आली, फळ नाही

बाराव्या मजल्यावर मधमाशी सहसा येत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी यांना तिची गरजही नाही, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारली की पुरते. वेलभाज्यांचे तसे नाही. तिथे नर फूल तोडून त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यावर टेकवावा लागतो. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखा. वेळ पाळा : काकडी, भोपळा आणि घोसाळे सकाळी उमलतात, पण दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते. दुधीला फळ धरत नाही म्हणणाऱ्यांनी दिवा घेऊन सात वाजता बाल्कनीत जावे. सुरुवातीला आठ-दहा दिवस नुसती नर फुलेच येतात, तेव्हा घाई नको.

खत आणि कीड

वाळूतून अन्न वाहून जाते, म्हणून थोडे आणि वारंवार द्या. दर तीन आठवड्यांनी कुंडीला दोन मुठी गांडूळखत, आणि वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा 19-19-19 किंवा 20-20-20 सारखे विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम. आधी साधे पाणी घालून मगच खताचे पाणी, कोरड्या मातीवर कधीही नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळे दिसले तर ईडीडीएचए स्वरूपातले लोह आणा. साधे फेरस सल्फेट या चुनखडीच्या जमिनीत लगेच बांधले जाते.

पांढरी माशी इथली मुख्य शत्रू, कारण ती टोमॅटोचा पाने गुंडाळणारा विषाणू पसरवते. रोपे लहान असताना बारीक जाळीखाली ठेवा, पिवळे चिकट कार्ड टांगा. पाने वाटीसारखी वर वळली, कडा पिवळ्या पडल्या, वाढ खुंटली, तर ते झाड पिशवीत घालून फेकून द्या. त्याला औषध नाही. लाल कोळी पाहायचा तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, कागदावरचे ठिपके चालू लागले की समजा. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दर दोन दिवसांनी द्या, निम्म्याहून अधिक काम तेवढ्यानेच होते. मावा, पिठ्या ढेकूण यांना लिटरला 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण. फवारणी सूर्य मावळल्यावर, आणि पारा 32 च्या वर असेल त्या दिवसांत नाही, तेलाने पाने भाजतात.

सुट्टीला गावी जाताना

जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक जण महिनाभर भारतात जातात. टोमॅटो, मिरची जगवण्यासाठी शेजाऱ्यांना रोज पहाटे उठवणे योग्य नाही. कढीपत्ता, शेवगा, लिंबू आणि मिरचीची एक-दोन चांगली झाडे सावलीत एकत्र करा आणि त्यांना टायमरचे ठिबक लावा. निघण्यापूर्वी दोन आठवडे ते चालवून पाहा, बॅटरी नवी घाला. बाकीची झाडे जूनमध्येच काढून टाका.

मग मोकळा वाफा चांगला भिजवा, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका आणि कडा मातीत पुरा. चार ते सहा आठवड्यांत या उन्हात आतली माती इतकी तापते, की सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचे बी मोठ्या प्रमाणात मरते. प्लास्टिक काळे नको, पारदर्शकच हवे, ऊन आत शिरायला पाहिजे. कुंड्यांतली मातीही अशीच पारदर्शक पिशव्यांत ओली भरून उन्हात ठेवा. परत आल्यावर प्लास्टिक काढून माती आठवडाभर मोकळी ठेवा, एकदा भरपूर पाण्याने धुवा आणि मगच नवे खत मिसळा. खत आधी मिसळून झाकले तर त्यातले उपयोगी जीवाणूही भाजून निघतात. तोवर टोमॅटो-वांग्याचा ट्रे घरात खिडकीपाशी पेरलेला असला पाहिजे.